पाठमोरा

सुदामा नगर, इंदूर
१६ जानेवारी २०२४

ती. दादास,

बेबीचा नमस्कार. दिवाळीच्या कार्डाशिवाय माझ्या हातचं काही तुला येत नाही, म्हणून पाकीट बघून घाबरला असशील. इथे सगळे ठीक आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि वहिनी गेल्यापासून तिथे निरोप सांगणारं पण कुणी नाही, म्हणून पेन घेऊन बसले.

झालं काय, आपल्या शंतनुची श्रिया, माझी नात, आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती रविवारी म्हणाली, "आज्जी, लालबागच्या पलीकडे एका हॉलमध्ये जुनी मराठी मूवी दाखवतायत, ब्लॅक अँड व्हाइट. 'मधलं दार'. चलतेस का?" मी म्हटलं, "अगं, त्यात माझ्या दादाचं नाव आहे!" तिला वाटलं मी खाली-पीली फेकतेय. हॉलमध्ये नावं आली, 'छायाचित्रण साहाय्य : लक्ष्मीकांत शेवगावकर', तेव्हा तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

सिनेमा मी तेव्हा पाहिला होता, तुला कळवलं पण होतं. पण आता पाहिला तो निराळाच वाटला, सच्ची सांगते. साफ केलेली नवी प्रत होती म्हणे. भिंतीचे पोपडे मोजता येत होते.

तो सीन. मुलीला शिकून मास्तरीण व्हायचं असतं आणि घरचे तिचं लग्न ठरवतात तो. पुढच्या खोलीत वडील आणि काका समोरासमोर बसलेत, आपल्याला त्यांची एकेक बाजू दिसते. त्यांच्यामागे मधलं दार, दारापलीकडे अंधारं माजघर, त्याच्याही पलीकडे आणखी एक दार आणि तिथे, पार टोकाला, अंगठ्याएवढी ती मुलगी डाळ निवडतेय. वरून काचेच्या कौलातून उजेडाचा एक पट्टा तिच्या सुपावर. पुरुष केवढे मोठे आणि ती एवढीशी! लेकिन डोळा जातो तिच्याकडेच, कारण उजेड काय तो तिथेच आहे. चित्रकलेचे आमचे सर वर्गात सांगायचे, चित्रातली सगळ्यात उजळ जागा सगळ्यात लहान ठेवा, माणूस तिथेच बघतो. कॅमेरा हलत नाही. मुलीचा चेहरा जवळून दाखवत नाही. संगीत नाही. ते दोघं बोलत राहतात आणि आपण तिचे हात बघत राहतो. "मग ठरलं," असं वडील म्हणतात आणि तिचा हात थांबतो. किती वेळ थांबतो! मग परत चालायला लागतो. श्रिया कानात म्हणाली, "आज्जी, चार मिनिटं कट नाहीये." मला कट-बिट काय कळतंय, मी त्या हातांकडेच बघत होते.

दादा, ते आपलं बडा गणपतीजवळचं घर ना? तशाच तीन खोल्या एकापाठोपाठ, तसंच काचेचं कौल. आणि ती मुलगी बसलीय ती अगदी आईसारखी, एक पाय दुमडून, एक गुडघा उभा. तू आईला सिनेमात नेऊन बसवलंस. घरी येऊन मी खूप रडले. आईला दाखवायला हवा होता रे.

एक मात्र, त्या मुलीच्या भावाचा मला भारी राग आला. आपल्याकडे पाठ करून बसलाय तो. वडील विचारतात, तुला काय वाटतं, आणि हा नुसती मान हलवतो! त्याचे कान तुझ्यासारखे बाहेर आलेले आहेत, म्हणून आधी हसू आलं. मग मनात म्हटलं, माझा दादा असा नव्हता. तू तर माझं कॉलेज सुटू नये म्हणून नानांशी भांडला होतास. आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, "लक्ष्मीकांतनं फार सांगून पाहिलं गं, पण ऐकेनात." त्याबद्दल मी तुला कधी चार शब्द लिहिले नाहीत. आज लिहिते. तेवढ्या आधारावर मी देवासला सासरच्या त्या घरात पहिली दोन वर्षं काढली.

तुझी तब्येत कळव. गुडघ्याला तेल लावतोस का?

तुझी,
बेबी


मंगळवार पेठ, कोल्हापूर
३० जानेवारी २०२४

चि. बेबी,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. गुडघे आहेत तसे आहेत.

सिनेमाची नवी प्रत निघाल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. आमच्यापैकी कळवावं असं आता कुणी उरलेलंही नाही. कॅमेरामन उदयसिंह गेले त्याला वीस वर्षं झाली.

तू त्या प्रसंगाबद्दल इतकं बारकाईनं लिहिलंस, म्हणून तो कसा घेतला ते सांगतो. सिनेमात साधारणपणे पुढचं माणूस स्पष्ट आणि मागचं धूसर ठेवतात, किंवा उलट. म्हणजे कुठं बघायचं ते आपणच प्रेक्षकाला सांगतो. दिग्दर्शकांना ते नको होतं. पुढचे बाप्ये आणि मागची मुलगी, सगळी सारखीच स्पष्ट हवीत, कुणाकडं बघायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी भिंगाचं तोंड बारीक करावं लागतं, आणि तोंड बारीक केलं की उजेड भरपूर लागतो. एका गावातलं जुनं घर शूटिंगला घेतलं होतं, त्याच्या मागच्या खोलीची निम्मी कौलं उदयसिंहांनी उतरवली. अकरा ते साडेअकरा एवढाच वेळ ऊन नीट सुपावर यायचं. तेवढ्या अर्ध्या तासासाठी आम्ही तीन दिवस घालवले. मुलीचं पातळ चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं होतं. कोरं पांढरं असतं तर पडद्यावर नुसता डाग उठला असता. कॅमेरा जमिनीपासून दीड हातावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. टेप धरून अंतरं मोजायची, हे माझं काम. दिग्दर्शक म्हणायचे, या घरात पाहुणा म्हणून येऊन बसल्यासारखं वाटलं पाहिजे. पाहुण्याला सगळं दिसतं आणि त्याला मधे बोलता येत नाही.

मुलीला तसं बसवायचं मी सुचवलं होतं. आई तशी बसायची हे खरं आहे.

बाकी जुन्या गोष्टींत आता शिरू नये असं मला वाटतं. एकच विचारतो. चौऱ्याहत्तर साली सिनेमा इंदूरला लागला तेव्हा तुझं कार्ड आलं होतं. "सिनेमा पाहिला. छान होता." एवढंच. ते माझ्याजवळ अजून आहे. तेव्हा चार शब्द, आणि आज पन्नास वर्षांनी चार पानं. असं का?

थंडीत बाहेर पडताना कान बांधत जा.

तुझा,
दादा


सुदामा नगर, इंदूर
१० फेब्रुवारी २०२४

ती. दादास,

नमस्कार. चहाच्या पाण्याची गोष्ट मी श्रियाला वाचून दाखवली. तिनं ती पूर्ण कॉलेजात सांगितली.

तू विचारलंस ते विचारायला नको होतंस असं आधी वाटलं. मग वाटलं, मी त्र्याहत्तरची झाले, आता कुणाला घाबरू?

मी तेव्हा पाहिला नव्हता तो सिनेमा. झूट लिहिलं होतं.

तू कार्ड टाकलं होतंस, "बेबी, नक्की बघ आणि तुला काय वाटलं ते मला लिही." दोनदा अधोरेखित केलं होतंस 'तुला' हे. आम्ही तेव्हा देवासला, शंतनु दीड वर्षाचा. तुला वाटेल यांनी नेलं नसेल. तसं नाही. यांनी आपणहून दोन तिकिटं आणली, सासूबाई म्हणाल्या बाळाला मी बघते. बसचा टाइम पण झाला होता. मीच म्हटलं, डोकं दुखतंय, तुम्ही जा. हे एका दोस्ताला घेऊन गेले. वापस आल्यावर विचारलं, कसा होता? म्हणाले, छान होता. तेच मी तुला लिहून टाकलं.

का नाही गेले? जळत होते, दादा. दुसरा शब्द नाही त्याला. आपण दोघं लालबागच्या भिंतीपाशी बसून स्केच करायचो, तुला आठवतं? माझा हात तुझ्यापेक्षा चांगला होता, तूच म्हणायचास. मग तू तिकडे जाऊन चित्रं हलवायला लागलास आणि मी इकडे सकाळी सहाला नळावर उभी. तुझं नाव पडद्यावर येणार आणि मी ते अंधारात बसून वाचणार, हे माझ्यानं झेपलं नसतं. तुझ्यावर राग नव्हता, उलट तू भांडलास म्हणूनच जास्त वाईट वाटायचं, की एवढं भांडून पण तुझंच झालं, माझं नाही झालं.

नंतर तू येणं कमी केलंस. मला वाटलं, मोठा माणूस झाला, त्याला देवासची बहीण कशाला हवी. आई गेली तेव्हा एका दिवसासाठी आलास आणि माझ्याकडे बघितलं पण नाहीस. तेव्हा मी पण तोंड फिरवलं.

आता सांग, माझं कार्ड तू एवढं जपून का ठेवलंस?

तुझी,
बेबी


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ फेब्रुवारी २०२४

चि. बेबी,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं, फाडणार नाही.

सिनेमातली ती मुलगी आई नव्हे. ती तू आहेस.

सत्तर सालचा मे महिना. नाना आणि बापूकाका पुढच्या खोलीत समोरासमोर बसले होते. मी मधल्या दाराकडं तोंड करून. तू स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत होतीस. त्या दोघांना तू दिसत नव्हतीस, मला दिसत होतीस. देवासच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं. नाना मला म्हणाले, "लक्ष्मीकांता, तुझं काय म्हणणं? दोन वर्षं थांबायचं का? चित्रकलेचं पुरं करू द्यायचं हिला?" नानांनी विचारलं होतं, बेबी. हे तुला कुणी सांगितलेलं नाही. त्यांचं नक्की ठरलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं." नाना म्हणाले, "मग ठरलं." तुझा हात थांबला. मी बशीत चहा ओतला.

आदल्या दिवशीच नानांनी मला सिनेमाचं काम शिकायला कोल्हापूरला जायला होकार दिला होता. किती महिने लागले होते तो मिळवायला, तुला माहीत आहे. आता आणखी एका गोष्टीवरून त्यांचं डोकं फिरलं तर माझंही जाणं राहील, अशी भीती वाटली. मी भांडलो नाही. एक शब्द बोललो नाही. आईनं तुला जे सांगितलं ते तिनं रचलं. तुला सासरी जाताना हातात काहीतरी असावं म्हणून रचलं असेल.

पुढं दोन वर्षांनी हा सिनेमा. मूळ लिखाणात त्या जागी भांडण होतं, मुलगी रडत बाहेर येते, भाऊ तिची बाजू घेतो, असं. एका संध्याकाळी दिग्दर्शकांना मी सांगितलं, माझ्या एका मित्राच्या घरी असं असं झालं होतं, कुणी रडलं नाही, फक्त डाळ निवडणारा हात थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा प्रसंग बदलला. खोल्या कशा होत्या, कोण कुठं बसलं होतं, सगळं त्यांनी मला विचारून घेतलं. भावाचं काम करणारा नट मिरजेहून यायचा होता, तो तापानं पडला. ऊन तर थांबणार नव्हतं. दिग्दर्शक म्हणाले, "तू बस. पाठच दिसणार आहे. त्याचा चेहरा मला नकोच आहे."

तू ओळखलेले कान माझेच आहेत.

पडद्यावर स्वतःला पाहशील आणि मला काय ते लिहिशील, म्हणून तुला कार्ड टाकलं होतं. तुझं उत्तर आलं, "पाहिला. छान होता." मला वाटलं, तू सगळं ओळखलंस आणि याहून जास्त बोलण्याच्या लायकीचा मी नाही असं ठरवलंस. त्यानंतर इंदूरला येऊन तुझ्यासमोर उभं राहायचा धीर मला झाला नाही. आता कळतंय की तू पाहिलाच नव्हतास.

माफी माग असं मन म्हणतं. कोणत्या तोंडानं मागू ते समजत नाही.

दादा


कोल्हापूर
२० एप्रिल २०२४

चि. बेबी,

मागचं पत्र पोचलं का एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

दादा


सुदामा नगर, इंदूर
८ मे २०२४

दादा,

पोचलं.

शंतनुला काही सांगितलेलं नाही. श्रिया विचारते, आजोबांचं पत्र आलं का, तिला म्हणते, त्यांची तब्येत नरम आहे.

दोन महिने मी काय केलं विचारशील तर काहीच नाही. कूलरचं गवत बदलून घेतलं. एकदा ऑटो करून बडा गणपतीला गेले. आपलं घर तर कधीच पडलं, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत, तुला माहीत असेल. समोरच्या पायरीवर बसले. पाणी प्यायले. वापस आले.

तू कबूल केलंस याचं मला बरं वाटायला हवं असेल. नाही वाटत. आईनं मला एक गोष्ट दिली होती, ती तू घेऊन गेलास. आता त्या दोन वर्षांकडे बघते तर तिथे मी एकटीच दिसते.

आणि आणखी एक. नानांनी तुला तरी विचारलं. मला कुणी विचारलं नाही, ते त्या काळचं होतं, समजले. पण दोन वर्षांनी तू मला उचलून त्या सिनेमात बसवलंस तेव्हा? तेव्हा पण विचारलं नाहीस. मित्राच्या घरी झालं म्हणून सांगितलंस. हॉलमध्ये त्या सीनला लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा. मी पण वाजवल्या. सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? सीन खरंच सुंदर आहे. एक रेघ इकडची तिकडे करता येणार नाही. माझ्या हातून तसं एक चित्र उतरलं असतं तर मी जन्मभर दुसरं काही मागितलं नसतं.

एक विचारते. खरं लिही, मला सांभाळून घेऊ नकोस, मी आता कुणाच्या सांभाळण्यातली राहिले नाही. तुझं कोल्हापूर मधे नसतं, तुला कुठेच जायचं नसतं, तर नानांना तू काय म्हणाला असतास?

बेबी


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ जून २०२४

चि. बेबी,

उत्तराला सहा आठवडे लावले. उत्तर मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

तेच म्हणालो असतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कोल्हापूरचा होकार मोडेल म्हणून गप्प बसलो. ते खोटं नाही, पण ते मी नंतर शोधलेलं कारण आहे. इतकी वर्षं मी त्यावर राहिलो. माणसानं स्वार्थापायी वाईट केलं, असं म्हटलं की निदान त्याला समजत तरी होतं असं ठरतं. मला समजलंच नव्हतं. मुलगी एकोणीस वर्षांची झाली, स्थळ चांगलं आहे, लग्न ठरतं आहे, यात विचारण्यासारखं काय, असंच मला वाटलं. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे हे मी म्हणायचो. त्याचा अर्थ तुला त्याचं काही करायचं असेल, असा माझ्या मनात कधी आला नाही.

तुझा हात थांबलेला मी पाहिला, असं लिहिलं होतं. पाहिला. तेव्हा काय वाटलं तेही लिहून टाकतो. मला वाटलं, डाळीत खडा सापडला असेल.

दोन वर्षांनी त्या गावातल्या घरात उदयसिंहांनी मला भिंगातून बघायला बोलावलं. म्हणाले, "अंतर बरोबर आहे का बघ." नटी सराव करत होती. दिग्दर्शकांनी लांबून "मग ठरलं" म्हटलं आणि तिनं हात थांबवला. भिंगात सगळं लहान आणि स्वच्छ दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. मी बघत राहिलो. उदयसिंह विचारत होते, "काय रे, बरोबर आहे का?" त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तो खडा नव्हता. माझ्या समोर पंधरा हातांवर तू बसली होतीस तेव्हा दिसलं नाही, आणि एक परकी बाई पगार घेऊन तुझी नक्कल करत होती तेव्हा दिसलं. पुढं पस्तीस वर्षं मी याच धंद्यात काढली, लोक म्हणायचे शेवगावकरांची नजर चांगली आहे. मी कधी 'हो' म्हटलं नाही.

विचारायला हवं होतं तुला. बरोबर आहे तुझं. ते मला आजवर सुचलंही नव्हतं, हेही लिहितो.

बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मला समजेल.

दादा


सुदामा नगर, इंदूर
११ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

नमस्कार. नवरात्राच्या आधी ये. शंतनु म्हणतो, काकांना एकट्यानं गाडीत बसवू नका, मी पुण्यापर्यंत घ्यायला येतो. मी त्याला दटावलं, काका काय रे, मामा आहे तुझा. बघ, काय नातं राहिलंय. खालची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय, जिना चढायला नको.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. येण्यासाठी ते लागतंच असं नाही, एवढंच ठरवलंय. कारण सांगते.

तुझं ते खड्याचं वाक्य वाचलं आणि पत्र ठेवून दिलं. दोन दिवस तुझ्यावर आग पाखडली मनातल्या मनात. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता यामिनी आठवली. यामिनी म्हणजे माझी मुलगी, शंतनुच्या पाठची. तू तिला आईच्या दिवसाला पाहिली असशील, फ्रॉकमध्ये होती. खो-खो खेळायची ती, आणि कशी! पोरं भिंतीवर चढून बघायची. बारावीनंतर तिला ग्वाल्हेरला खेळाच्या कॉलेजात घ्यायला तयार होते. कागद आला होता. हे म्हणाले, मुलीची जात, चड्डी घालून मैदानात पळणार, उद्या कोण करून घेईल? पण म्हणून यांनी लगेच नाही म्हटलं नाही, दादा. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "बरोबरच आहे तुमचं."

अठ्ठ्याण्णव साली. सगळं माझ्या अंगावरून जाऊन आलेलं होतं, तरी. मला तर कुठे जायचं पण नव्हतं. कुणाचा होकार मोडणार नव्हता. तुला कळलं नव्हतं म्हणतोस, मला कळत होतं का? त्याचाच विचार करत राहिले. मला वाटतं, कळत होतं, आणि मनात कुठेतरी असं होतं की माझं राहिलं, तर हिचं काय विशेष? हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवापुढे पण नाही.

मागच्या मंगळवारी बसनं भोपाळला गेले. यामिनी तिथे असते, दोन मुलं, बँकेत आहे. एकटी आले बघून घाबरली. तिनं जेवायला वाढलं, मी म्हटलं, आधी ऐक. आणि सगळं सांगितलं, यांनी विचारलं ते, मी म्हटलं ते, वर लिहिलं ते मनातलं पण. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही तिनं.

म्हणाली, "मला माहितीय, आई. मी जिन्यातच होते."

"सगळं ऐकलंस?"

"बाबा ना म्हणणार हे तर तयच होतं. पण त्यांनी तुला विचारलं तेव्हा मी तिथेच बुटाची लेस बांधायला लागले होते. म्हटलं, आई हो म्हणेल, मग ग्राउंडवर जाऊन सगळ्यांना सांगू."

सव्वीस वर्षं. आली-गेली, सण केले, माझ्या ऑपरेशनला पंधरा दिवस राहिली, आणि एक अक्षर बोलली नाही. आणि मला काय वाटायचं, की ही पोर मुळात कमी बोलते, बापावर गेलीय.

मी म्हटलं, "मग तू कधी विचारलं का नाहीस मला?"

"काय विचारणार? तू काय सांगितलं असतंस?"

मी ताटाकडे बघत बसले. तिनं पोळी टाकली, उलटली, तूप लावलं. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "हे सगळं सांगून तुला बरं वाटलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि आपलं पण ताट वाढून घेतलं.

तुझी,
बेबी